नऊ ॲप आणि एक सुतळी : एडीएचडी घेऊन दुकान चालवताना

आधी एक सोय करून ठेवतो. हे उत्तर लांब आहे, आणि ज्यांना ते हवंय त्यांनाच लांबलचक वाचणं जड जातं. एका दमात होत नसेल तर सुतळीने बांधलेल्या पेनाचा परिच्छेद तेवढा आज वाचा. बाकीचं पुढच्या आठवड्यात वाचलं तरी बिघडत नाही.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३४. परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र. सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि काम वेळेवर पुरं करणं अवघड करणारा मेंदूचा विकार) सांगितलं, गोळी सुरू आहे, थोडा फरक आहे. पण उधारी लिहायची राहते, जीएसटीची तारीख हुकते, पॉस मशीनमधला (खतविक्री नोंदवायच्या यंत्रातला) खताचा साठा आणि गोदामातला साठा जुळत नाही. मोबाइलवर नऊ ॲप घेऊन झाली, एकही पंधरा दिवसांच्या वर टिकलं नाही. तर चांगलं ॲप किंवा साधन सुचवा. शिवाय सात वर्षांचा मुलगाही तुमच्यासारखाच वाटतो, त्याचं काय करायचं?

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, लातुरात सतरा वर्षं झाली. माझे निम्मे पेशंट खेड्यापाड्यातले. ऑफिसात संगणकापुढे बसणाऱ्यांसाठी लिहिलेला सल्ला आपल्याकडच्या दुकानात, शेतात, शाळेत कुठे अडकतो ते रोज बघतो. खालच्या उदाहरणांत कुणाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात बोलका वाटला तो नऊ हा आकडा. आळशी माणूस नऊ ॲप शोधत नाही. तुम्ही ती शोधलीत, उतरवून घेतलीत, त्यात माहिती भरलीत, आणि पहिले आठ-दहा दिवस ती चाललीही असतील. नवी होती तोवर चालली. एडीएचडीचा मेंदू नव्या, आवडत्या किंवा अगदी गळ्याशी आलेल्या कामाला लगेच धरतो. नवलाई संपली की ॲपचं चित्र मोबाइलच्या तिसऱ्या पानावर जाऊन बसतं, आणि जे दिसत नाही ते तुमच्यासाठी नसल्यातच जमा. म्हणजे दहावं ॲप कोणतं, हा खरा प्रश्न नाहीच. हाताने काम चाललेलं असतं त्या मिनिटाला, त्या जागी, डोळ्यांसमोर काय असेल, हा प्रश्न आहे. रसेल बार्कली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं हेच लावून धरलंय की हा विकार काय करावं ते माहीत नसण्याचा नाही, माहीत असलेलं वेळेवर करता न येण्याचा आहे. आमच्याकडचे पेशंट तेच एका ओळीत सांगतात: "डॉक्टर, समदं कळतंय, पण होईना गेलंय."

एक विचारतो. जूनमध्ये पहिला पाऊस पडतो, दुकानात पाय ठेवायला जागा नसते, एकाला सोयाबीनचं बियाणं, दुसऱ्याला डीएपी, तिसऱ्याला तणनाशक हवं असतं. त्या गर्दीत तुम्ही उलट चांगलं काम करता ना? आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये दुकान थंड असतं, कागदपत्रं निवांत करता येतील असे दिवस असतात, तेव्हाच सगळं तुंबतं? माझ्याकडच्या बहुतेक दुकानदारांचं उत्तर हो असतं. घरचे म्हणतात, "मनावर घेतलं की करतोय की, म्हणजे बाकीच्या वेळी नाटकं." नाटक नाही. पेरणीच्या दिवसांत गिऱ्हाईक समोर उभं राहून हाका मारतं, कामाला बाहेरून रेटा मिळतो. रिकाम्या दुपारी तो रेटा नसतो, आणि आतून निर्माण करणं हेच तुम्हाला अवघड जातं. मी सांगतोय ती सगळी साधनं म्हणजे तो रेटा बाहेर उभा करायच्या युक्त्या आहेत.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. मी तुम्हाला तपासलेलं नाही. दुकानात हाताखाली माणूस आहे का, झोप किती होते, तंबाखू-दारू आहे का, मन उदास असतं का, यावर उत्तर बदलतं. थायरॉइड, रक्त कमी असणं, घोरण्यामुळे मोडणारी झोप, चिंता, नैराश्य यांतही लक्ष लागत नाही. तुमचं निदान डॉक्टरांनी केलंय हे बरं झालं. इतर वाचकांसाठी सांगतो: जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची १८ प्रश्नांची प्रश्नावली इंटरनेटवर मिळते, तिचे पहिले ६ प्रश्न चाळणीसारखे असतात, पण चाळणी म्हणजे निदान नव्हे. २०१३ सालच्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निकषग्रंथाप्रमाणे काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून असायला हवीत, आणि घर, शाळा, कामाची जागा यांपैकी एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसायला हवीत. म्हणून मी लोकांना जुनी प्रगतिपुस्तकं शोधून आणायला सांगतो. "हुशार आहे, पण लक्ष देत नाही" हा शेरा तिसरीपासून दहावीपर्यंत चार वेगवेगळ्या गुरुजींच्या अक्षरांत दिसला की अर्धं काम होतं. तिशीत अचानक सुरू झालेला विसराळूपणा मात्र बहुधा दुसऱ्या कशानेतरी झालेला असतो.

आता सुतळी.

माझ्या एका पेशंटचं हार्डवेअरचं दुकान आहे. उधारीची वही गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये, पेन कुठेतरी. गिऱ्हाईक म्हणतं, "शेठ, लिहून घ्या." शेठ ड्रॉवर उघडतात, वही काढतात, पेन नाही. पेन शोधायला वळतात तेवढ्यात फोन वाजतो. फोन संपेपर्यंत दुसरं गिऱ्हाईक पुढे आलेलं असतं, आणि पाइपांचं बंडल मोटारसायकलवर बांधून पहिलं निघून गेलेलं असतं. वही मिटून पुन्हा ड्रॉवरमध्ये. या सगळ्याला अर्धं मिनिट लागतं. आम्ही काय केलं? काउंटरच्या कडेला खिळा ठोकून सुतळीने पेन बांधलं. वही ड्रॉवरमधून कायमची बाहेर. आजच्या पानावर उघडलेली, चिमटा लावलेली, काउंटरवर माल ठेवतात त्याच जागी. माल द्यायचा तर तो वहीवरूनच पलीकडे सरकवावा लागेल अशी. नियम एकच: ओळ आधी, माल नंतर. ओळीतही तीनच गोष्टी, नाव, माल, रुपये. दर, बिल नंबर, हिशेबाची बाकी रचना संध्याकाळी. आधी त्यांची वही आठ रकान्यांची होती, आणि आठ रकाने भरायचे म्हटल्यावर मन आपोआप म्हणायचं, "नंतर लिहू." पहिल्या महिन्यात तीन पेनं सुतळीसकट गायब झाली. मग पेनांचं अख्खं पाकीटच आणून ठेवलं.

तुमच्या पॉस मशीनलाही हेच लागू. अनुदानाचं खत मशीनवर नोंद केल्याशिवाय विकायचं नसतं, पण ओळखीचा माणूस घाईत असला की "घेऊन जा, मग बघू" होतं, आणि साठ्याचा घोळ तिथेच होतो. मशीन कुठे ठेवलंय? मागच्या टेबलावर चार्जिंगला असेल, तर त्याची जागा बदला. गोदामाच्या दाराशी, पोतं जिथून बाहेर निघतं तिथे फळी ठोका, चार्जरही तिथेच लावा. काम जिथे घडतं तिथे साधन, चार पावलं लांबसुद्धा नको. चार पावलांत तुमच्या मनात दुसरा विषय येऊन जातो.

दुकान बंद करताना वहीच्या त्या पानाचा मोबाइलने फोटो काढा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. वही भिजली, हरवली तरी नोंद राहते. पानावरचं खात्यावर चढवायचं काम तुम्ही करू नका. खरंच सांगतो. ज्याला ते शांतपणे जमतं अशा कुणाला तरी द्या, भाऊ असो, कॉलेजचा पोरगा असो, त्याला महिन्याला काही द्या. जीएसटीचं ३बी विवरण महिन्याच्या २० तारखेला असेल आणि हुकलं, तर कर देय असताना दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि वर व्याज. वर्षभराचा हा भुर्दंड मांडून बघा. त्या पोराचा पगार बऱ्याचदा त्यातच निघतो.

तरीही काही कामं तुम्हालाच करावी लागतील. त्यासाठी इंग्रजीत 'बॉडी डबलिंग' म्हणून एक उपाय सांगतात: कुणीतरी शेजारी नुसतं बसायचं, मदत करायची नाही, आणि त्या सोबतीने तुमचं काम पुढे सरकतं. परदेशात लोक यासाठी अनोळखी माणसांबरोबर व्हिडिओ लावून बसतात. आपल्याला याचं नवल वाटायला नको, आपल्याकडे इर्जिक होतं. एकट्याने आठ दिवस रखडलेलं रान चार जणांच्या औतांनी दिवसात उरकायचं, कारण बैलांची ताकद तर होतीच, पण माणसं समोर आहेत म्हणून कुणी बांधावर बसून राहत नव्हतं. तुम्ही १७-१८ तारखेला सगळी बिलं पिशवीत घालून कर सल्लागाराच्या ऑफिसात जाऊन बसा आणि तिथेच संपवा. दुकानात बसून पाठवतो म्हणालात की ती पिशवी महिनाभर तिथेच पडून राहते.

गजराबद्दल. "बँक" असा गजर लावू नका. तो वाजतो, तुम्ही "हो हो" म्हणून बंद करता, संपलं. गजराच्या नावात हातपाय हलवायची भाषा हवी: "उठ, चेकबुक पिशवीत टाक, गाडीची किल्ली घे." आणि दोन गजर, एक हातातलं आवरायला, दुसरा निघायला. वाजला की उभं राहायचं, उभं राहून बंद करायचा. दोन-तीन आठवड्यांनी आवाज बदला, कारण रोजचा आवाज कान ऐकतात, पण मन दाद देत नाही.

टाइमरही तसाच. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी ही पोमोडोरो पद्धत फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन माणसाने १९८०च्या दशकाच्या शेवटी स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या टाइमरवरून काढली. माझ्या बऱ्याच पेशंटना २५ मिनिटं झेपत नाहीत. दहापासून सुरू करा. मात्र टाइमर मोबाइलचा नको. मोबाइल हातात घेतला की दहा मिनिटांचा टाइमर लावण्याआधी तीन रील्स होतात. किल्ली पिळायचा, टिकटिक करणारा साधा टाइमर भांड्यांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो. वेळ सरकताना दिसतो आणि ऐकू येतो, हे त्याचं मोल.

गल्ल्याच्या वर, तुमचं तोंड ज्या बाजूला असतं त्या भिंतीवर छोटा पांढरा फळा लावा. त्यावर आजची तीन कामं. चौथं सुचलं तर वहीच्या मागच्या पानावर. शटर ओढताना फळा पुसायचा, झालं असो वा नसो. एका गृहस्थांनी हौसेने चार फूट बाय तीन फूट फळा लावला आणि एकवीस कामं लिहिली. आठ दिवसांत तो फळा रंगासारखाच भिंतीचा एक भाग झाला.

मोबाइल अगदीच वर्ज्य नाही. त्यातलं दोनच वापरा: घड्याळाचा गजर आणि गूगल कॅलेंडर. परवान्याचं नूतनीकरण, विमा, गाडीचं पीयूसी अशा दूरच्या तारखा एका दिवशी, कुणाला तरी शेजारी बसवून, कॅलेंडरात भरून टाका. प्रत्येकीला दोन आठवणी, एक महिना आधी आणि एक तीन दिवस आधी. टायपिंगचा कंटाळा येत असेल तर कीबोर्डवरच्या माइकवर मराठीत बोला, बऱ्यापैकी लिहिलं जातं. वीज, हप्ता, मोबाइल ही बिलं बँकेतून आपोआप जातील अशी लावून द्या. जे काम लक्षात ठेवावंच लागत नाही, ते विसरायचा प्रश्न येत नाही.

इथवरचं थोडक्यात: साधन नजरेसमोर, काम घडतं तिथेच, नोंद छोटी, कंटाळवाणं काम दुसऱ्याकडे किंवा दुसऱ्याच्या सोबतीने, दूरच्या तारखा यंत्राकडे.

आणि हेही काही महिन्यांनी निकामी होईल. सल्ला देणारे हे सांगत नाहीत, आणि मग माणूस स्वतःला दोष देत बसतो. फाळ बोथट झाला म्हणून कुणी शेती सोडत नाही, लोहाराकडे नेऊन पाजवून आणतो. फळ्याची जागा बदला, वहीला दुसऱ्या रंगाचं पुठ्ठं घाला, तीनऐवजी दोन कामं लिहा. ॲप दहा दिवसांनी सुटतं याची लाज वाटून घेऊ नका, पुढचं काय ते आधीच ठरवून ठेवा.

गोळीबद्दल मोजकंच, कारण डोस तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचा. आपल्याकडे प्रामुख्याने मिथाइलफेनिडेट आणि ॲटोमॉक्सेटिन वापरतात. मिथाइलफेनिडेटचा परिणाम त्याच दिवशी जाणवतो. भूक कमी होणं, झोप उशिरा लागणं हे होऊ शकतं, म्हणून वजन, रक्तदाब, नाडी बघत राहावं लागतं. घरात कुणाचा लहान वयात हृदयविकाराने मृत्यू झाला असेल तर ते आधीच सांगा. ॲटोमॉक्सेटिन रोज घ्यावं लागतं आणि पूर्ण परिणामाला चार ते सहा आठवडे जातात. दहाव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून सोडून देणारे मी खूप पाहिलेत. मिथाइलफेनिडेट नियंत्रित औषध आहे, चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि तालुक्याच्या प्रत्येक मेडिकलमध्ये नसतं. म्हणून शेवटची दहा गोळ्यांची पट्टी फोडाल त्या दिवशीच पुढची भेट ठरवा; त्या पट्टीवर आजच लाल पेनाने मोठं "फोन" असं लिहून ठेवा. गोळीने लक्ष थोडं टिकतं. वही मात्र तुम्हालाच लिहावी लागते, म्हणून तुम्हाला "थोडा फरक" वाटतोय.

हे विषयांतर आहे, पण लातुरात बसून लिहितोय म्हणून राहवत नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या तयारीच्या काळात पालक पोरांना घेऊन येतात, "लक्ष लागत नाही, एडीएचडी आहे का?" विचारलं तर लेकरू पाच तास झोपतं आणि बाकीचा दिवस क्लास, अभ्यासिका, टेस्ट. त्याला आधी झोप द्या. आणि मित्राची गोळी "अभ्यासाची गोळी" म्हणून कुणीही खाऊ नये.

तुमची बायको आठवण करून देते का? बहुतेक घरांत तेच होतं, आणि वर्षभरात ती बायको न राहता मुकादम होते. ती विचारते, तुम्ही चिडता, ती गप्प बसते, काम राहतंच. आठवणीचं काम फळ्याला आणि गजराला द्या. तिला पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे सोबत न्या. हा माणूस मुद्दाम करत नाही, हे तिसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलं की पटायला सोपं जातं. मराठीतून ऐकायचं असेल तर ठाण्याच्या आयपीएच या संस्थेच्या 'आवाहन' यूट्यूब वाहिनीवर मनाच्या आरोग्यावर पुष्कळ साहित्य आहे, दोघांनी मिळून बघा.

मुलाचं. एडीएचडी घराण्यात चालतं, त्यामुळे तुमची शंका रास्त आहे. पण सात वर्षांचं लेकरू चंचल असतंच, आणि तुम्ही आत्ता सगळीकडे तेच शोधत असाल. शाळेतल्या बाईंना विचारा, त्यांच्यापुढे त्याच वयाची तीसेक पोरं असतात, तुलना त्यांना जमते. नजर आणि ऐकू येणं तपासून घ्या. मग जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या शीघ्र निदान व हस्तक्षेप केंद्रात न्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ही सोय आहे. वाचन-लेखनातही तो मागे असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी मागून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी हे नाव स्वतंत्रपणे नाही. पुढे परीक्षेतल्या सवलतीच्या वेळी हा फरक समोर येतो.

मोठ्यांसाठी सरकारी सोय म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आणि अंबाजोगाई, लातूर, नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं. तिथे मानसोपचार विभागाची ओपीडी चालते. यांपैकी परभणीहून नांदेड जवळ पडेल. समुपदेशनासाठी खासगीत गेलात तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी विचारा. विचारल्यावर चिडणाऱ्याकडे जाऊ नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत. तिथे फोनवर एडीएचडीचं निदान करून मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, पण जवळ कुठे जायचं ते विचारता येतं, आणि रात्री दोन वाजता हिशेब जुळत नाही म्हणून जीव नकोसा झाला तर बोलायला माणूस मिळतो. या विकारात नैराश्य सोबत येणं नवं नाही, म्हणून नंबर आजच सेव्ह करा.

गिऱ्हाइकांना आजाराचं सांगू की नको, असं बरेच जण विचारतात. गरज नाही. त्या हार्डवेअरवाल्या शेठनी पेनाच्या वर पुठ्ठ्यावर लिहून लावलंय: "लिहिल्याशिवाय माल मिळणार नाही." आता कधी ते विसरले तर गिऱ्हाईकच सुतळी ओढून पेन त्यांच्या हातात देतं.